पसरणी घाट उतरताना हँडल थरथरतं. चाक अजून किती बॅलन्स करू?

घाटखाऊ (१४ जानेवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

आधीच्या रविवारी पाचगणीहून वाईकडे उतरत होतो. सकाळचे सात वाजत आलेले, थंडीने बोटांची लाकडं झालेली. घाटात मध्ये एक बऱ्यापैकी सरळ तुकडा लागतो. तिथे मीटरवर ५४ दिसलं आणि हँडल हातात नाचायला लागलं. खडबडीत रस्त्यावर हादरतं तसं नाही, रस्ता गुळगुळीत होता. म्हशीने माशी उडवायला कातडी थरथरवावी तसं, डावीउजवीकडे, भराभर. मी हँडल घट्ट आवळलं तर ते आणखी चेकाळलं. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आणले, पस्तिसाच्या आसपास एकदम शांत. कठड्याला सायकल टेकवून दहा मिनिटं बसलो. समोर एक माकड बसलं होतं, तेही माझ्याकडे काळजीने बघत होतं.

सायकल तीन वर्षांची, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ७०० × २५ टायर, कधी पडलेली नाही. हवा ११० पीएसआय. हँडलला पुढे एक बॅग असते.

घरी येऊन पुढचं चाक उचलून धरलं आणि फिरवून सोडलं. दर वेळी रिफ्लेक्टर खाली येऊन थांबतोय! रिफ्लेक्टर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर २६ ग्रॅम. (काटा पुसून परत ठेवला, तरी जे ऐकायचं ते ऐकलं.) आता म्हटलं झालं. पण रिफ्लेक्टर काढल्यावर व्हॉल्व वर जाऊन थांबायला लागला, म्हणजे त्याच्या समोरची बाजू जड. मग व्हॉल्वच्या शेजारच्या दोन स्पोकांना निपलजवळ (स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटाजवळ) सोल्डरची तार गुंडाळली. तार कापत कापत ९ ग्रॅमवर आलो तेव्हा चाक कुठेही सोडा, तिथेच थांबतं. कारच्या चाकाला याहून चांगलं बॅलन्सिंग कुणी करत नसेल.

काल परत गेलो. तोच घाट, तोच तुकडा. या वेळी ५२ लाच सुरू.

तर प्रश्न असा की सायकलच्या चाकाला नक्की किती बॅलन्स लागतो? मागच्या चाकाचंही करायचं का? कुणाचा अनुभव?

---

खुट्ट (१४ जानेवारी, रात्री ९.५२)

रुमाल टाकून ठेवतो. माकडाचा फोटो?

---

पॅडलवाली (१४ जानेवारी, रात्री १०.१५)

सगळ्यात आधी, हे उलगडेपर्यंत त्या उतारावर पन्नासच्या वर जाऊ नका. आणि आधी सायकल नीट तपासा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) ढिला आहे. चाक दोन बोटांत धरून आडवं हलवा, हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) खेळ आहे का कळेल. क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळणारी खटकी, पक्की आहे ना? आणि चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) मुळाशी कुठे केसाएवढी तडा दिसते का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. हे सगळं ठीक निघालं तरच पुढच्या गप्पा.

---

चक्रम (१४ जानेवारी, रात्री १०.३१)

आऊट बघितलात का? बॅलन्स वेगळा, आऊट वेगळा. ब्रेक पॅडच्या जवळ रिम बघत चाक फिरवा. एका जागी पॅडला जवळ येऊन परत लांब जात असेल तर चाकात आऊट आहे. स्पोक की घेऊन कुठलाही दुकानदार वीस मिनिटांत काढून देतो.

आणि एक गोष्ट लोक बघतच नाहीत. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. व्हॉल्वच्या आजूबाजूला ती आत गडप झाली असेल तर तिथे टायर नीट बसलेलाच नाही. मग चाक प्रत्येक फेरीला एक उडी मारतं. पंक्चर काढल्यावर घाईघाईत टायर चढवला की हमखास होतं. व्हॉल्व आत ढकलायचा, तिथला टायर हाताने मळायचा आणि मग हवा भरायची.

---

निवृत्त_यंत्र (१५ जानेवारी, सकाळी ६.२०)

घाटखाऊ, तुमची सोल्डरची तार वाचून बरं वाटलं, हातोटी आहे. पण तुम्ही ज्या रोगावर औषध दिलंत तो रोग वेगळा आहे. जरा आकडे मांडतो.

तुमच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सातहून किंचित जास्त फेऱ्या मारतं. रिमवर एका जागी १० ग्रॅम जास्तीचे आहेत असं धरा. त्यांची बाहेरची ओढ म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ०.०१ × २२५ ÷ ०.३१, म्हणजे सव्वासात न्यूटन. घरगुती भाषेत पाऊण किलोची ओढ, सेकंदाला सात वेळा. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. ऐकायला भीतीदायक आहे खरं.

पण ती ओढ कुठल्या दिशेला आहे ते बघा. जड ठिकाण चाकाबरोबर फिरतं आणि आसापासून बाहेरच्या बाजूला ओढतं. कधी वर, कधी पुढे, कधी खाली, कधी मागे. डावीकडे किंवा उजवीकडे कधीच नाही. ताट गॅसच्या ओट्यावर उभं धरून फिरवलंत तर ते वरखाली उड्या मारेल, हातात आडवं वळणार नाही. हँडल वळायला आडवा रेटा लागतो. तो व्हॉल्वकडून, रिफ्लेक्टरकडून मिळत नाही, कारण दोघंही चाकाच्या मधल्या पातळीतच बसलेले असतात.

वरखाली हादऱ्याचं म्हणाल, तर पुढच्या चाकावर तुमचा आणि सायकलचा मिळून तीस-पस्तीस किलो भार आहे. त्यात पाऊण किलोची ये-जा हवा भरलेला टायर गिळून टाकतो. चक्रम म्हणतात ती टायरची उडी १-२ मिलिमीटरची असेल तर तिचा धक्का यापेक्षा कितीतरी मोठा.

तुम्हाला जे झालं त्याला इंग्रजीत शिमी म्हणतात. आपण थरथर म्हणू.

---

स्टँडवरचा_वीर (१५ जानेवारी, सकाळी ९.०५)

सर, आदर ठेवून असहमत. सायकल स्टँडवर लावा, सगळ्यात जड गिअर टाका आणि हाताने पॅडल गरगरा फिरवा. अख्खी सायकल स्टँडसकट फरशीवर नाचत पुढे जाते. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने पण बघितलंय. हा बॅलन्सचाच प्रकार आहे ना?

आणि माझ्याकडे ५० मिमी खोल कार्बन रिम आहेत. त्यात लांब व्हॉल्व, त्यावर पितळी एक्स्टेन्शन. पन्नासच्या पुढे गेलो की सीटखाली गुरगुर यायची. व्हॉल्वच्या समोर कारच्या बॅलन्सिंगचे चिकटवायचे ५-५ ग्रॅमचे दोन तुकडे लावले, गुरगुर गेली. टायरवाल्याने फुकट दिले, वर विचारलं, "साहेब, सायकल किती सीसीची?"

---

निवृत्त_यंत्र (१५ जानेवारी, सकाळी ९.४०)

वीरसाहेब, तुमचं खरं आणि माझंही खरं. ५० दाती पुढे, ११ दाती मागे, आणि हाताने मिनिटाला १०० फेरे मारलेत तर मागचं चाक ताशी ५७ किमीच्या वेगाने फिरतं. स्टँडवर सायकल दहा किलोची, वर कुणी बसलेलं नाही, टायर हवेत. मग ती नाचणारच. पण नाचते कशी? उडते, पुढेमागे सरकते. तुमची गुरगुरही सीटखाली आली, हँडल झोकांड्या खात नव्हतं. तो बॅलन्सचाच दोष होता आणि तुम्ही त्यावर योग्य औषध दिलंत.

घाटखाऊंचा व्हॉल्व वर जाऊन का थांबला, तेही सांगतो. अ‍ॅल्युमिनियमची रिम म्हणजे वाकवून गोल केलेली पट्टी. तिचा सांधा व्हॉल्वच्या भोकाच्या बरोबर समोर येतो आणि बऱ्याच रिममध्ये त्या सांध्यात आतून तुकडा ठोकलेला असतो. तो व्हॉल्वपेक्षा जड भरतो.

---

खुट्ट (१५ जानेवारी, सकाळी १०.०२)

अवांतर: लहानपणी आम्ही स्पोकांना रंगीत मणी घालायचो. हळू चालवली की खडखड, जोरात हाणली की सगळे मणी रिमला जाऊन चिकटायचे आणि आवाज बंद. तेव्हा वाटायचं सायकल घाबरली. मणी सगळे एकाच बाजूला होते, तरी हँडल कधी थरथरलं नाही. अर्थात त्या सायकलचा कमाल वेग म्हणजे शाळेची घंटा झाली तेव्हाचा.

---

कालव्याकाठी (१५ जानेवारी, दुपारी २.४८)

मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथे घाट औषधालाही नाही, पण सायकलीवर गप्पा मारणारे शेजारी भरपूर. डेल्फ्टच्या विद्यापीठात सायकलच्या गतिशास्त्रावर बरीच वर्षं काम चाललंय. २०११ मध्ये तिथल्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी एक अजब सायकल करून दाखवली होती. चाकाच्या फिरण्याचा परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकाने खोडलेला, ट्रॉलीच्या चाकासारखं मागे ओढलं जाऊन आपोआप सरळ होण्याचा पुढच्या चाकाचा गुणही काढून घेतलेला, तरी ढकलून सोडली की आपली आपण उभी राहते. सायकल का पडत नाही, याचं शाळेत शिकवलेलं सोपं उत्तर तेव्हापासून पुरत नाही.

थरथरीचं म्हणाल, तर फ्रान्सिस व्हिपलने १८९९ मध्ये सायकलचं जे गणित मांडलं त्यात फ्रेम आणि चाकं कडक धरली होती. त्या गणितात ही थरथर येतच नाही. फ्रेमची पिळवटण्याची लवचिकता आणि टायरचं आडवं दबणं धरलं की मगच ती दिसते.

सोपं उदाहरण मॉलमधल्या ट्रॉलीचं. ट्रॉली जोरात ढकलली की पुढचं एखादं चाक वेड्यासारखं फडफडतं ना? त्या चाकाला कोण बॅलन्स करतं?

---

घाटखाऊ (१५ जानेवारी, रात्री ८.३०)

धन्यवाद लोकहो. पॅडलवाली, तुमची सगळी तपासणी केली. हेडसेट पक्का, हब पक्का, चिमटा स्वच्छ. टायरची रेघ एकसारखी. आऊट अर्धा मिलिमीटर असेल.

सर, दिशेचा मुद्दा पटला. पण एक शंका राहतेच. ५४ ला चाक सेकंदाला सात फेऱ्या मारतं म्हणता, आणि थरथरही साधारण तेवढीच जलद वाटली. हा योगायोग?

---

निवृत्त_यंत्र (१५ जानेवारी, रात्री ९.१०)

अगदी नेमका प्रश्न. बहुतेकांची फसगत इथेच होते. अशी थरथर सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा होते आणि घाटातल्या वेगाला चाकाच्या फेऱ्याही त्याच पट्ट्यात येतात. म्हणून सगळे चाकाकडे बोट दाखवतात.

ओळखायची खूण सांगतो. जडपणाचा हादरा चाकाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो, वेग कमी केला की त्याचे ठोके संथ होतात. थरथरीचे ठोके फ्रेम, टायर आणि वर बसलेला माणूस मिळून ठरवतात. वेग बदलला तरी ठोके जवळजवळ तेच राहतात, फक्त जोर कमीजास्त होतो. देवळातली घंटा हळू मारा की जोरात, सूर तोच.

जुना फोन असेल तर स्टेमला (हँडल धरणाऱ्या आडव्या दांड्याला) घट्ट बांधा. त्यातलं थरथर मोजणारं अ‍ॅप आडवी आणि उभी हालचाल वेगवेगळी दाखवतं. जपून, आणि पॅडलवालींचं ऐकून.

---

पॅडलवाली (१५ जानेवारी, रात्री ९.३३)

माझं ऐकायचं असेल तर ऐका. फोन बांधायच्या आधी गुडघ्याचं शिका.

थरथर सुरू झाली की फ्रेमची वरची नळी एका गुडघ्याने दाबून धरायची. दोन्ही गुडघे आणता आले तर उत्तमच. सायकलच्या चाकांवर पुस्तक लिहिणारे अमेरिकन इंजिनियर जॉब्स्ट ब्रँट यांनी हा उपाय पूर्वीच लिहून ठेवलाय. नळी आडवी डोलत असते, गुडघ्याच्या मांसाने ती विझते. सोबत सीटवरून बूड केसभर उचलायचं, कोपरं सैल सोडायची, हँडल नुसतं धरायचं, आवळायचं नाही. तुम्ही आवळता तेव्हा तुमचे ताठ हात त्याच झोक्याचा भाग होतात. ब्रेक हळूहळू. एकदम पुढचा दाबायचा नाही.

दुसरं म्हणजे थंडी. सकाळी सातला पाचगणीत हातमोजे न घालता उतरत असाल तर तुमच्या कुडकुडण्यानेच सुरुवात होत असेल. गार अंगाला थरकाप येतो तोही साधारण याच ठोक्याने.

तिसरं, ती हँडलची बॅग. त्यात काय असतं?

---

घाटखाऊ (१५ जानेवारी, रात्री १०.०५)

पॉवर बँक, साखळीचं कुलूप, जाकीट, दोन केळी, पंप. आता काट्यावर ठेवली. २ किलो ६०० ग्रॅम.

(काट्याबद्दल पुन्हा ऐकलं.)

---

चक्रम (१५ जानेवारी, रात्री १०.११)

हँडलला अडीच किलोचं गाठोडं बांधून माणूस ९ ग्रॅमची तार गुंडाळत होता. दंडवत!

---

मु.पो.वाई (१६ जानेवारी, सकाळी ७.३०)

तुम्ही म्हणताय तो तुकडा माहिती आहे. वाई सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळ, मध्ये दहा-अकरा किलोमीटर. उतार फार तीव्र नाही पण सलग आहे. आमची पोरं रोज उतरतात. रविवारी नका येऊ, पर्यटकांच्या गाड्या आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतात. मंगळवार-बुधवारी दहाच्या सुमारास या, ऊन असतं, रस्ता मोकळा.

---

घाटखाऊ (२१ जानेवारी, रात्री ८.५५)

धागा वर काढतोय. बुधवारी रजा टाकून गेलो. मित्र बाईकवर मागे, दिवे लावून. दहाचं ऊन, हातमोजे, अंग गरम. हवा ११० वरून ८५ ला आणली. चार फेऱ्या मारल्या, म्हणजे चार वेळा चढलो. मांड्या अजून बोलत नाहीत माझ्याशी.

पहिली फेरी: बॅगेसकट, तार लावलेली. पन्नासला हलकी थरथर सुरू. ठरल्याप्रमाणे डावा गुडघा नळीला लावला. दोन-तीन झोके आणि संपलं. खोटं नाही सांगत, दिवा मालवावा तसं. गुडघा काढला, परत सुरू. लावला, बंद. त्या सरळ तुकड्यात तीनदा करून बघितलं आणि मग मागून मित्राने हॉर्न वाजवला.

दुसरी फेरी: बॅग मित्राच्या पाठीवर. ५६ पर्यंत गेलो. काही नाही.

तिसरी फेरी: बॅग नाही, आणि मुद्दाम तार काढली, रिफ्लेक्टर परत बसवला. म्हणजे चाक पुन्हा पहिल्यासारखं बिघडलेलं. पुन्हा ५५ पर्यंत. काही नाही. लक्ष देऊन बघितलं तर तळव्यांना एक बारीक वरखाली हुळहुळ जाणवते, तीही असं वाटून घेतलं तर.

चौथी फेरी: बॅग परत हँडलला, रिफ्लेक्टर चाकावर, स्टेमला जुना फोन. ४५, ५० आणि ५३ अशा तीन वेगांना थोडं थोडं धरून ठेवलं. आडवी हालचाल तिन्ही वेळा सेकंदाला साडेसहाच्या आसपास. चाकाच्या फेऱ्या मात्र सहापासून सातपर्यंत गेल्या. ४५ ला जेमतेम दिसत होती, ५३ ला भरपूर. तेवढ्यात गुडघा लावला आणि आलेखात रेघ सपाट.

सर, घंटेचा सूर तोच.

---

निवृत्त_यंत्र (२१ जानेवारी, रात्री ९.२०)

चार फेऱ्यांत एका वेळी एकच गोष्ट बदलायची पूर्ण शिस्त पाळली नाहीत. हवा, थंडी आणि हातमोजे पहिल्याच फेरीला एकत्र बदललेत, त्यामुळे त्यांचा वाटा किती ते सांगता येणार नाही. बाकी प्रात्यक्षिकाचे पैकीच्या पैकी गुण.

---

स्टँडवरचा_वीर (२१ जानेवारी, रात्री ९.४१)

मान्य. पण माझे दोन तुकडे मी काढणार नाही. डेनिस म्युलर-कोरेनेक बाईंनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर गाडीच्या आडोशाने ताशी २९६ किमी सायकल चालवली, तेव्हा मोटारसायकलची चाकं लावली होती. वेगाच्या वर्गाने वाढतं ना सर? २९६ ला तुमचा तो १० ग्रॅमचा व्हॉल्व किती ओढेल?

---

निवृत्त_यंत्र (२१ जानेवारी, रात्री ९.५८)

तुमच्याच चाकावर धरलं तर बावीस किलोच्या आसपास. तिथे बॅलन्स केल्याशिवाय मीसुद्धा बसणार नाही.

---

पॅडलवाली (२१ जानेवारी, रात्री १०.०६)

सर, तुम्ही बॅलन्स करूनही बसू नका.

घाटखाऊ, बॅग आता कुठे?

---

घाटखाऊ (२२ जानेवारी, सकाळी ८.१५)

जाकीट पाठीच्या खिशात. कुलूप घरी, घाटात कोण चोरतंय. पॉवर बँक आणि पंप फ्रेमच्या त्रिकोणातल्या छोट्या पिशवीत. केळी पोटात.

काल सायकल दुकानात नेली तो अर्धा मिलिमीटरचा आऊट काढायला. तार मी परत गुंडाळली होती, एवढी मेहनत केलेली, टाकवत नव्हती. दुकानातल्या काकांनी चाक स्टँडला लावलं, फिरवलं, थांबवलं, चष्मा वर करून त्या दोन स्पोकांकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला पैंजण कुणी घातले?"

---

खुट्ट (२२ जानेवारी, सकाळी ८.१९)

आणि माकडाचा फोटो राहिलाच.